चौथा आठवडा

डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर एकाखाली एक सात शब्द लिहिले. वय, पुरुष, वजन, साखर, व्हायरल लोड, फायब्रोसिस, टाइप. मग प्रत्येकापुढे खूण. वय सत्तेचाळीस, उणे. पुरुष, उणे. वजन आटोक्यात, अधिक. साखर नाही, अधिक. व्हायरल लोड अठरा लाख, उणे. फायब्रोसिस तिसऱ्या पायरीवर, ठळक उणे. शेवटच्या शब्दाभोवती त्यांनी गोल काढला. "टाइप तीन, अधिक. हा एकटा बाकीच्यांना भारी पडेल बघा."

मार्च 2009 ची गोष्ट, डेक्कनवरच्या एका दवाखान्यातली. माझ्या रक्तात हेपॅटायटिस सी हा लिव्हरचा विषाणू सापडला होता, आणि औषधाने तो जाईल का याचा हा अंदाज होता. व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती, फायब्रोसिस म्हणजे लिव्हरवरचे व्रण, टाइप म्हणजे विषाणूची जात. अधिक म्हणजे बरं होण्याच्या बाजूने, उणे म्हणजे विरुद्ध. शेजारी बायको पर्सचा पट्टा मुठीत आवळून बसली होती. मला मात्र आपण ऑफिसातच बसलोय असं वाटत होतं.

मी शिवाजीनगरच्या वेधशाळेत सायंटिफिक असिस्टंट होतो. जुने पुणेकर त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण 1928 साली ते कार्यालय सिमल्याहून इथे आलं. अंदाज काढणारे साहेब वेगळे, आम्ही त्यांच्यासाठी आकड्यांचे तक्ते लावणारे. 1988 पासून कितीतरी वर्षं मोसमी पावसाचा अंदाज वसंतराव गोवारीकरांच्या सोळा घटकांच्या मॉडेलवर निघायचा. युरेशियातला बर्फ, एल निनो, कुठला हवेचा दाब, कुठलं तापमान. 2002 साली अंदाज होता सरासरीच्या 101 टक्क्यांचा आणि पाऊस पडला 81 टक्के. त्यानंतर घटकांची यादीच बदलली. एके काळी पावसाशी घट्ट जोडलेल्या काही घटकांचं नातं वर्षागणिक सैल होत गेलं होतं. बर्फ तोच, समुद्र तोच, पण पाऊस त्यांचं ऐकेनासा झाला होता.

आमच्याकडे सोळा घटक, डॉक्टरांकडे सात. मी विचारलं, "शंभरात किती?"

"टाइप दोन आणि तीनमध्ये पंचाहत्तर-ऐंशी. एक नंबरवाल्यांचं निम्म्यावर येऊन अडतं, आणि त्यांना इंजेक्शनं घ्यावी लागतात अठ्ठेचाळीस आठवडे. तुमचे चोवीसच."

"पण ही सरासरी. हे मोठं उणे धरलं तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "धरलं तर कमी," एवढंच म्हणाले.

हे दुखणं माझ्या अंगात तेवीस वर्षं बिनबोभाट राहत होतं. 1986 साली कर्वे रस्त्यावर माझी स्कूटर घसरली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशनच्या वेळी रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. त्या रक्तात काय होतं ते तपासण्याचा मार्ग तेव्हा जगात कुणाकडेच नव्हता. हेपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला 1989 साली. म्हणजे दोष द्यायचा तर कुणाला? मी कुणाला दिला नाही. तेवीस वर्षांत मला ना कावीळ झाली, ना पोट दुखलं. 26 जानेवारीला रक्तदान शिबिरात हौसेने रक्त दिलं आणि पंधरा दिवसांनी रक्तपेढीचं बंद पाकीट आलं, 'कृपया समक्ष भेटावे'.

घरात बातमी फुटायला दोन दिवस लागले, सोसायटीत एक. लिव्हर म्हटल्यावर लोक आधी तुमच्या हाताकडे बघतात, ग्लास आहे का म्हणून. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही असं सांगितलं की समोरचा "हो का" म्हणतो, आणि त्या 'हो का'मध्ये सगळं आलं. मावशीने भुईआवळ्याचा रस सुचवला. कुणी चुन्याने कावीळ उतरवणाऱ्या बाईंचा पत्ता आणून दिला. मला कावीळ नाहीये हे पटवण्यात एक रविवार गेला.

बायोप्सीबद्दल फार लिहीत नाही. उजव्या बरगड्यांच्या मधून सुई जाते, श्वास रोखून धरायचा असतो, आणि नंतर काही तास त्याच कुशीवर पडून राहायचं असतं. लिव्हरवर व्रण किती चढलेत ते शून्य ते चार अशा पायऱ्यांत मोजतात. चार म्हणजे सिरॉसिस. मी तिसरीवर उभा होतो. पैशांचंही थोडक्यात सांगतो. प्रॉव्हिडंट फंडातून काढले. मुलगा दहावीत होता, त्याच्या पुढच्या शिक्षणाचे होते ते.

पहिलं इंजेक्शन घेतलं शनिवारी, 16 मे 2009 ला. लोकसभेच्या निकालाचा दिवस. टीव्हीवर एक्झिट पोलवाल्यांचे पडलेले चेहरे बघत मी पोटाच्या कातडीत सुई टोचून घेतली. शनिवार एवढ्यासाठी निवडला की ताप रविवारी निघून जावा आणि सोमवारी कामावर जाता यावं. पेगइंटरफेरॉन आठवड्यातून एकदा, रायबाव्हिरिनच्या चार गोळ्या रोज. फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे इंजेक्शनांचा खोका, आणि मुलाला सक्त ताकीद की त्या कप्प्याला हात लावायचा नाही.

पहिल्या रात्री दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते, मे महिन्यात. इंटरफेरॉन हे मुळात आपल्याच शरीरात तयार होणारं रसायन. विषाणू शिरला की पेशी ते सोडतात, आणि फ्लूमध्ये अंग मोडून येतं त्याला काही अंशी तेच जबाबदार असतं. ते बाहेरून भरमसाट दिलं की फ्लू नसताना फ्लू होतो. रायबाव्हिरिनची तऱ्हा वेगळी, ते लाल पेशींत साठतं आणि त्या फोडतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात वेधशाळेचा जिना चढताना मला कठड्याला टेकावं लागायचं. आणि राग! पोळी जरा कडक झाली म्हणून मी ताट सरकवलं होतं. बायको म्हणाली, "अहो, हे तुम्ही नाही, ते इंजेक्शन बोलतंय. त्याला सांगा, पोळी हीच मिळेल."

आता चौथ्या आठवड्याचं.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की कागदावरचे सातही घटक औषध सुरू होईपर्यंतचे. एकदा सुरू झालं की शरीर स्वतः उत्तर द्यायला लागतं आणि त्या उत्तराचं वजन सातांच्या बेरजेहून जास्त असतं. चौथ्या आठवड्यात रक्तात विषाणू सापडलाच नाही तर बाजी जवळजवळ मारली. बाराव्या आठवड्यापर्यंत तो निदान शंभर पटींनी खाली आला नाही तर औषध बंद, कारण अशांतले शंभरात सत्त्याण्णव पुढेही बरे होत नाहीत. औषध संपताना विषाणू नसणं याला तर फारशी किंमतच नाही. खरा निकाल औषध थांबवल्यानंतर चोवीस आठवड्यांनी.

13 जूनला रक्त दिलं. रिपोर्ट आला 340. अठरा लाखांवरून 340! मी ऑफिसात लॉगच्या, म्हणजे दर घर दहा पटींचं असतं त्या कागदावर आलेख काढला. रेघ कड्यावरून दगड सुटल्यासारखी खाली आली होती. तो कागद घडी करून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी तो मन लावून पाहिला, "सुंदर काढलाय" म्हणाले आणि मग गप्प बसले.

"शून्य नाही ना पण," शेवटी म्हणाले.

"सर, पाच हजार पट कमी झालाय!"

"बरोबर. पण जे शिल्लक राहिलेत ते हळू मरणारे आहेत. या टप्प्याला शून्यावर पोचलेल्यांत आणि तुमच्यासारख्यांत पुढे फरक पडतो. अधिक नाही, उणेच लिहावं लागेल हे."

आठवा घटक, उणे. मी तो त्या जुन्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिला.

त्या वर्षी जून कोरडाच गेला. एप्रिलमध्ये देशाचा अंदाज 96 टक्क्यांचा दिला होता, जूनमध्ये तो 93 वर आणला. कॅन्टीनमध्ये चहा पिताना कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. सप्टेंबरअखेर हिशेब झाला तेव्हा आकडा होता 78.

आणि ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लू. देशातला त्याचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला, 3 ऑगस्टला. आठवड्याभरात शाळा बंद, थिएटरं बंद, लक्ष्मी रोडवर दिवसा शुकशुकाट, तोंडाला फडकी, आणि रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगत चाललेली माणसं. अशा गावात मी दर रविवारी 101 ताप घेऊन थरथरत होतो. तेरावं इंजेक्शन झालं त्या रविवारी शेजारच्यांनी खिडकीतून मला कुडकुडताना पाहिलं. तासाभरात सोसायटीचे सेक्रेटरी दारात, पण उंबऱ्यापासून चार पावलं लांब. "साहेब, गैरसमज नको, पण एकदा नायडूला दाखवून या."

गेलो नायडू हॉस्पिटलला. रांग फाटकाबाहेर आली होती. माझ्या पुढे-मागे खरोखर घाबरलेली, कडेवर पोरं घेतलेली माणसं, आणि मी माझा विकत घेतलेला ताप घेऊन उभा. नंबर आला तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरने फाइल चाळली, इंटरफेरॉनचं नाव वाचलं आणि मास्कच्या वरून डोळ्यांनी हसला. "काका, तुम्ही इथे एक मिनिटही थांबू नका. तुमच्या पांढऱ्या पेशी बघा किती उतरल्यात. नसलेला फ्लू इथून घेऊन जाल." त्याने सेक्रेटरींसाठी चिठ्ठी लिहून दिली. ती आम्ही दाराला बाहेरून चिकटवली. गणपतीपर्यंत होती.

त्याच आठवड्यातला बाराव्या आठवड्याचा रिपोर्ट, विषाणू आढळला नाही. बायकोने देवापुढे साखर ठेवली. हिमोग्लोबिन मात्र साडेनऊवर आलं होतं, म्हणून रायबाव्हिरिनची एक गोळी कमी केली. ठरलेल्या डोसाच्या ऐंशी टक्के तरी पोटात जायला हवा असा एक हिशेब असतो. चारांतली एक गेली की पंचाहत्तर. मी तोंडातल्या तोंडात हिशेब केला, डॉक्टरांनी ओळखलं, आणि आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही. 31 ऑक्टोबरला चोवीस आठवडे भरले. तेव्हाही रिपोर्ट कोरा. केस परत यायला लागले, मी माणसात आलो.

एप्रिल 2010 च्या मध्याला शेवटची तपासणी. त्याच सुमाराला नव्या पावसाळ्याचा अंदाज निघायचा होता, तक्त्यांची घाई होती. रिपोर्ट मी ऑफिस सुटल्यावर रिक्षात उघडला. नऊ लाख वीस हजार.

रिक्षावाल्याला सांगितलं, घरी नको, पर्वतीकडे घ्या. पायथ्याशी उतरलो. एकशे तीन पायऱ्या चढायचं बळ नव्हतं, तिथेच चहाच्या टपरीवर अंधार पडेपर्यंत बसलो. पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांची संधी म्हणजे वीस-पंचवीस माणसं बाहेर राहणार, हे मला कळत नव्हतं असं थोडंच आहे? आयुष्यभर तेच कळून घेण्याचा पगार घेतला. तरी त्या वीसांत बसायला जागा करून देतात तेव्हा पहिला प्रश्न 'मीच का' हाच येतो.

डॉक्टर मात्र आकडा बघून चकित झाले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला. चौथ्या आठवड्यात त्यांना दिसलं होतं. त्यांनी सांगितलंही होतं. माझ्याच कानांनी ते लॉगच्या कागदात गुंडाळून ठेवलं.

त्यानंतरची सहा वर्षं वाट बघण्यात गेली. मधे जनुकाची तपासणी निघाली. 2009 मध्येच शोध लागला होता की एकोणिसाव्या गुणसूत्रावर, आयएल अठ्ठावीस बी नावाच्या जनुकाशेजारी, एका अक्षराचा फरक असतो. आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून 'सी' आलेला माणूस इंटरफेरॉनला चांगला प्रतिसाद देतो, 'टी' आलेला कमी. एक नंबरवाल्यांत तर हा फरक सुमारे दुप्पट. मी हट्टाने तपासणी करून घेतली. उत्तर आलं सी-सी. म्हणजे मी जन्मतःच भाग्यवान! डॉक्टर म्हणाले, "टाइप तीनमध्ये याचा जोर कमी." मी म्हटलं, "तो तर दिसलाच."

2011 मध्ये गोळ्यांची दोन नवी औषधं अमेरिकेत आली, पण ती एक नंबरवाल्यांसाठी. 2013 च्या डिसेंबरात सोफोसबुव्हिर आलं, एक गोळी एक हजार डॉलरला, बारा आठवड्यांचे चौऱ्याऐंशी हजार. मी ती बातमी पंचतारांकित हॉटेलाचं मेनूकार्ड वाचावं तशी वाचली. पुढच्या सप्टेंबरात ती गोळी बनवणाऱ्या कंपनीने भारतीय कंपन्यांना परवाने दिले आणि 2015 मध्ये हीच गोळी आपल्याकडे त्या किमतीच्या कितीतरी खाली मिळायला लागली. तोवर माझ्या लिव्हरने चौथी पायरी गाठली होती. आता बायोप्सीची सुई नव्हती. फायब्रोस्कॅनचं यंत्र बरगडीवर टकटक करतं आणि लिव्हर किती कडक झालंय ते किलोपास्कलमध्ये सांगतं. साधारण साडेबाराच्या वर गेलं की सिरॉसिस धरतात, माझे चौदा. पडताळा म्हणून घरी फिब-फोरचा हिशेब केला. वयाला एका एन्झाइमने गुणायचं, मग प्लेटलेट आणि दुसऱ्या एन्झाइमच्या वर्गमुळाच्या गुणाकाराने भागायचं. त्रेपन्न गुणिले अठ्ठ्याऐंशी, भागिले एकशे अठरा गुणिले शहाण्णवचं वर्गमूळ. चार पूर्णांक शून्य तीन. सव्वातीनच्या वर असलं की व्रण खूप चढलेत असं समजतात. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं.

डॉक्टरांनी पुन्हा कागद उलटा केला. सहा वर्षांत त्यांचेही केस पांढरे झाले होते. या वेळी शब्द फक्त तीन होते. टाइप, सिरॉसिस, आधीचं औषध. आणि या वेळी त्यांनी टाइप तीनपुढे उणे लिहिलं.

मी तो कागद स्वतःकडे फिरवून पाहिला. "सर, हा तर आपला माणूस होता."

"इंटरफेरॉनच्या काळात. आता एक नंबरवाले सोपे झालेत आणि तुम्ही अवघड. सोफोसबुव्हिर-डक्लाटास्व्हिर बारा आठवडे दिलं तर सिरॉसिस नसलेल्या टाइप तीनचे शंभरात शहाण्णव बरे होतात. सिरॉसिस असलेले त्रेसष्ट."

विषाणू तोच, लिव्हर माझंच, रक्तही तेच. समोरचं औषध बदललं आणि अधिकचं उणे झालं. मला 2003 सालचा ऑफिसातला तो दिवस आठवला, जुन्या सोळा घटकांचे तक्ते दोरीने बांधून कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकले तो. त्या गठ्ठ्याला मी स्वतः गाठ मारली होती.

त्रेसष्टवर मी तयार नव्हतो, डॉक्टरही नव्हते. बाराऐवजी चोवीस आठवडे आणि जोडीला पुन्हा रायबाव्हिरिन असं ठरलं. आधी हेपॅटायटिस बीची तपासणी केली, कारण सी दबला की कधीकधी झोपलेला बी जागा होतो. डक्लाटास्व्हिरची भारतीय गोळी नुकतीच बाजारात आली होती. मार्च 2016 च्या पहिल्या शनिवारी सुरू केलं. ताप नाही, थंडी नाही, पोळीवरून भांडण नाही. बायको दोन आठवड्यांनी म्हणाली, "औषध खरं आहे ना हो?"

चौथ्या आठवड्याला रिपोर्ट, विषाणू आढळला नाही. मी जवळजवळ धावत दवाखान्यात गेलो. सात वर्षं ज्या एका ओळीसाठी झुरलो ती हातात होती. डॉक्टरांनी कागद फाइलला लावला आणि म्हणाले, "छान. पण एक सांगू का, या औषधांत चौथ्या आठवड्यावरून शेवटचं काही कळत नाही. लवकर गेला काय, उशिरा गेला काय, निकाल साधारण सारखाच. ही तपासणी मी तुमच्यासाठी लिहिली होती. नाहीतर तुम्हाला झोप लागली नसती."

ऑगस्टमध्ये गोळ्या संपल्या. आता चोवीस नव्हे, बारा आठवडेच थांबायचं होतं. बारा आठवडे भरले 12 नोव्हेंबर 2016 ला. चार दिवसांपूर्वी रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या होत्या. मी पाकिटात त्याच नोटा घेऊन लॅबच्या काउंटरवर उभा, आणि समोरची मुलगी मान हलवतेय. व्हायरल लोडची तपासणी स्वस्त नव्हे, एवढ्या शंभरच्या नोटा आणायच्या कुठून? शेवटी मुलाने बंगलोरहून त्याच्या कार्डाने फोनवर पैसे भरले. प्रॉव्हिडंट फंडातलं त्याचं शिक्षण असं परत आलं म्हणायचं.

पाच दिवसांनी रिपोर्ट. आढळला नाही. त्या संध्याकाळी पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढलो, दोनदा बसून.

आता मी निवृत्त आहे. गेल्या वर्षी आमच्या इस्त्रीवाल्याच्या मुलाला सी निघाला. त्याला सरकारी रुग्णालयात घेऊन गेलो. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं फुकट मिळतात. डोक्यात माझे सात शब्द घोळत होते. तिथल्या मॅडमनी त्याच्या प्लेटलेट आणि एन्झाइम पाहिले, कॅल्क्युलेटरवर दोन हिशेब केले, सिरॉसिस नाही म्हणाल्या आणि बारा आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. टाइपची तपासणीच नाही. ही औषधं सगळ्या टाइपवर चालतात म्हणे.

बाहेर येताना पोराने विचारलं, "काका, माझा टाइप कुठला?"

"कुणी बघितलाच नाही रे."

"मग बरं आहे का वाईट?"

मी त्याला म्हटलं, गोळी जेवणानंतर रोज एकाच वेळेला घे, मोबाइलवर गजर लाव. त्याच्यासमोरच लावून घेतला, रात्री नऊचा.

माझी सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी असते. विषाणू गेला तरी सिरॉसिस झालेल्या लिव्हरमध्ये गाठ होण्याची भीती पूर्ण जात नाही, म्हणून. पुढची जूनमध्ये आहे, पावसाच्या तोंडावर. मी शंभरात किती ते विचारलेलं नाही. डॉक्टरांचा हात प्रिस्क्रिप्शन उलटं करायला लागला की मी आधीच उठतो.